मस्टँगवर तुळशीपत्र

“सर, नंबर अपुरा आहे. अजून सहा अक्षरं हवीत.”

फोनवरची मुलगी हे तिसऱ्यांदा सांगत होती आणि मी तिला तिसऱ्यांदा समजावत होतो, की माझी गाडी, फोर्ड मस्टँग, १९६७ सालची आहे आणि तिच्या चेसिस नंबरात अकराच अक्षरं आहेत. सतरा अक्षरांचे नंबर अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आले. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला हिशेब. मुलीला ते पटलं असावं, पण तिच्या संगणकाला पटेना. शेवटी तिनेच तोडगा काढला, “सर, पुढे सहा शून्यं टाकू का?”

गाडी दान करायला निघालेल्या माणसाने एवढा हट्ट करू नये हे मला कळत होतं. तरी मी नको म्हटलं. पूर्वी सासरी पाठवताना मुलीचं नावच बदलून टाकायचे, तसं काहीतरी वाटलं.

नंबर असा: ७एफ०१सी, आणि पुढे सहा आकडे. ७ म्हणजे १९६७. एफ म्हणजे फोर्डचा डिअरबॉर्नचा कारखाना, माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचा. ०१ म्हणजे हार्डटॉप. आणि सी म्हणजे २८९ घनइंचाचं, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं व्ही-८ इंजिन. आपल्या भाषेत ४.७ लिटर. जाणकार लगेच म्हणतील की ही काही खरी मसल कार नव्हे, ही लहान चणीची ‘पोनी कार’. बरोबर आहे. मसल कारचा मान १९६४च्या पाँटिअॅक जीटीओला देतात, मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं धूड बसवलं म्हणून. माझ्या घोड्याची ताकद कागदावर २०० अश्वशक्ती, आणि तीही जुन्या पद्धतीने मोजलेली, म्हणजे इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून, त्याच्यावर गाडीतल्या इतर यंत्रांचं ओझं न लादता. १९७२पासून कंपन्या खरे आकडे छापायला लागल्या आणि कागदावरचे बरेच पैलवान एका वर्षात रोडावले. पण इथे ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांना हे फरक ठाऊक असूनही ते सगळ्यांनाच मसल कार म्हणतात, तेव्हा मीही म्हणतो.

मी १९८४च्या जानेवारीत मिशिगनला आलो. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल केलेलं, अंगात पुण्यात शिवलेला कोट, बाहेर उणे पंधरा. पुढची पस्तीस वर्षं मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कंपन्यांत गेली. मस्टँग घेतली १९९४ साली, ४,२०० डॉलरला, फोर्डमधूनच निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडून. बायको तेव्हा म्हणाली होती, “अहो, आपल्याकडे चालणारी गाडी आहे ना एक?” तिचा मुद्दा रास्त होता. मस्टँग चालत होती, पण खाली वाकून पाहिलं तर फरशीतून रस्ता दिसत होता.

या गाड्यांचं एक दुखणं ठरलेलं. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घ्यायला जाळी असते. तिच्यात पडलेलं पावसाचं पाणी पन्हाळीतून बाहेर जावं अशी सोय. पण आतला पत्रा गंजला की तेच पाणी थेट पायाशी. गालिचा ओला, त्याच्याखालचा पत्रा ओला, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून आपलं काम करतंच. दोन्ही बाजूंनी गंज. १९९८च्या हिवाळ्यात मी कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकलो आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्वतः ठिगळ लावलं. ठिगळ दिसायला वाईट होतं. वर्गातल्या मास्तरांनी ते पाहिलं असतं तर मला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं असतं. पण वर गालिचा घातला की झालं. तेव्हापासून तो पत्रा पाहिला तो फक्त मी आणि उंदरांनी.

बाकी कामं मात्र जाणत्यांकडून करून घेतली. इंजिन उतरवून व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेलं आणि ते पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांना १९९६पासून बंदच झालं. रंग तोच ठेवला, गडद हिरवा. डिकी उघडली की जी सपाट जागा दिसते तो खरं तर पेट्रोलच्या टाकीचा माथा असतो, हे कळल्यावर बायकोने डिकीत कुकरसुद्धा ठेवू दिला नाही.

मग तीस वर्षांनी ही गाडी द्यायची का? कारण सरळ आहे. २०२४च्या वसंतात आम्ही कँटनचं घर विकायला काढलं आणि नोव्हायला छोटं घर घेतलं. तिथे गॅरेज एका गाडीचं. माझा उजवा गुडघा ड्रम ब्रेकवर पाय दाबताना कुरकुरायला लागला होता, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबवायची तर दाबावं लागतंच. मुलीला विचारलं. ती सिअॅटलला असते. म्हणाली, “बाबा, मला आवडते ती. पण तिच्यात एअरबॅग नाही, मागे पट्टा नीट नाही. मुलांना कुठे बसवू?” मी तिलाच त्या गाडीत, त्याच मागच्या सीटवर, आइस्क्रीम खायला नेत असे, हे मी बोललो नाही.

विकायचा प्रयत्न केला. दोन गिऱ्हाइकं आली. पहिल्याला इंजिन काढून टाकून नवं पाच लिटरचं बसवायचं होतं, गाडी त्याला टोपलीसारखी हवी होती. दुसरा खिशातून लोहचुंबक काढून सगळ्या पत्र्याला लावत फिरला, कुठे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे ते शोधत. तो गेल्यावर बायको म्हणाली, “तुमच्या जिवावर येतंय ना विकायचं? मग देऊन टाका कुणाला तरी चांगल्या कामाला.”

पडत्या फळाची आज्ञा मानून मी कामाला लागलो. अमेरिकेत गाडी दान करणं म्हणजे इतकी रुळलेली गोष्ट आहे की रेडिओवर तिची जाहिरात पेट्रोलच्या भावाआधी ऐकू येते. फोन करा, आम्ही गाडी फुकट ओढून नेतो, कराची पावती घरी येते. मी ज्यांना फोन केला ते स्वतः धर्मादाय संस्था नव्हतेच. ते अनेक संस्थांच्या वतीने गाड्या गोळा करणारे मधले लोक. गैर काही नाही त्यात. छोट्या संस्थेला कुठे गाड्या ओढायला आणि विकायला माणसं ठेवता येणार? मधला माणूस गाडी नेतो, लिलावात काढतो, ओढण्याचा आणि स्वतःचा खर्च वळता करून उरलेले पैसे संस्थेला देतो. किती उरतात हे प्रत्येक करारावर अवलंबून. एवढं मात्र विचारून घ्यावं, मी विचारलं नव्हतं.

तर सतरा अक्षरांचं घोडं अडलं ते मुलीच्या वरच्या साहेबांनी सोडवलं, आणि एका गुरुवारी सकाळी दारात ट्रक आला. पाहतो तर हुकाचा. मी फ्लॅटबेड मागितला होता, म्हणजे सपाट पाठीचा, गाडी वर चढवून नेणारा. हा पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेणार. माझी गाडी ऑटोमॅटिक आणि मागच्या चाकांवर चालणारी. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा पंप बंद, आणि मागची चाकं मात्र त्याला आतून गरगर फिरवत राहणार. तीस मैलांत वाट लागली असती.

ट्रकवाल्याला हे सांगितलं. तरुण पोरगा होता, उद्धट अजिबात नव्हता. तो खरंच बुचकळ्यात पडला. “पण सर, ही लिलावालाच चाललीय ना? तिथे दोन मिनिटांत जाईल. गिअरबॉक्सचं काय करायचंय?”

त्या पोराने जे सांगितलं ते मला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. मी गाडी देत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी ती विकत होतो, फक्त दुसऱ्याच्या हातून आणि दोन मिनिटांत. वापरलेल्या कोरोला आणि ठोकलेल्या मिनीव्हॅनच्या रांगेत उभ्या असलेल्या मस्टँगला तिथे कोण किती देणार? मी पोराला कॉफी दिली, वीस डॉलर दिले आणि ट्रक परत पाठवला. बायको खिडकीतून पाहत होती. “तुळशीपत्र ठेवायचं तर पूर्ण ठेवावं,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री मी आयआरएसची, म्हणजे इथल्या आयकर खात्याची, पत्रकं काढून बसलो. जे आधी करायचं ते मी नंतर केलं. पूर्वी म्हणे लोक पुस्तकात छापलेली किंमत पाहून खुशाल तेवढी वजावट घ्यायचे, गाडी गॅरेजमध्ये मेलेली असली तरी. २००५पासून तो कारभार बंद झाला. आता ५०० डॉलरवरच्या गाडीला नियम असा, की संस्थेने ती विकली तर तुमची वजावट म्हणजे विक्रीत प्रत्यक्ष आलेली रक्कम, बाजारभाव नव्हे. तीन अपवाद आहेत. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर बऱ्यापैकी वापरली. किंवा तिची मोठी दुरुस्ती करून किंमत वाढवली (धुणं-पुसणं आणि रंग मारणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत). किंवा ती एखाद्या गरजूला अगदी कमी किमतीत किंवा फुकट दिली. यातलं काही असेल तरच पूर्ण बाजारभाव. आणि हे सगळं संस्थेने फॉर्म १०९८-सी वर लिहून द्यायचं, विकली असेल तर विक्रीपासून तीस दिवसांत, ठेवली असेल तर दान मिळाल्यापासून तीस दिवसांत.

मोठ्या लिलावांतल्या दानाच्या बातम्या आपण वाचतो त्या वेगळ्याच जगातल्या. स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सन या लिलाव कंपनीच्या मंचावर २०१९च्या जानेवारीत नव्या शेल्बी जीटी५०० मस्टँगचा पहिला नंबर ११ लाख डॉलरला गेला आणि ते पैसे लहानपणच्या मधुमेहावर काम करणाऱ्या संस्थेला मिळाले. तिथे गाडी कंपनी देते, टाळ्या वाजतात, पहिल्या नंबराची किंमत असते. माझ्या नंबराला तर सहा अक्षरं कमी.

मग मी उलटी पद्धत धरली. गाडी कुठे जाईल ते आधी, पावती नंतर. महिनाभर फोन केले. गरजू कुटुंबांना गाड्या दुरुस्त करून देणाऱ्या एका संस्थेने हसून नकार दिला. दोन लेकरांच्या आईला सकाळी कामावर जायला सत्तावन्न वर्षांची गाडी देऊन तिचं काय भलं होणार, हे त्यांचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मीच ओशाळलो. एका संग्रहालयाने कळवलं की मस्टँग पुष्कळ आहेत. डेट्रॉईटमध्ये मस्टँग दान करणं म्हणजे कोकणात नारळ नेणं.

शेवटी डेट्रॉईटच्या पश्चिमेला एका प्रशिक्षण संस्थेचा पत्ता लागला. शाळा सुटलेल्या किंवा सोडलेल्या मुलामुलींना तिथे पत्र्याचं काम, वेल्डिंग, इंजिन शिकवतात. फोन उचलला तो तिथल्या मास्तरांनीच. त्यांनी गाडी चालते का हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, “गंज कुठे कुठे आहे?” मी जरा चाचरत सांगायला लागलो: काचेखालची जाळी, दोन्ही फरशा, मागच्या चाकांच्या कमानी, टाकीभोवतीची कड. दर जागेला पलीकडून “वा”, “छान” असं येत होतं. नव्या गाड्यांत प्लॅस्टिक आणि वायरी फार, पोरांना पत्रा हाताळायला मिळत नाही, म्हणून त्यांना अशीच गाडी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या गाडीच्या गंजाचं कौतुक करत होतं.

मी एक अट घालून पाहिली: रंग बदलू नका. ते म्हणाले, अट असेल तर आम्ही गाडी घेत नाही. रागाने नाही, नेहमीच्या वाक्यासारखं. मी अट मागे घेतली.

आयआरएसच्या यादीत संस्थेचं नाव तपासलं; होतं. मग कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. पाच हजार डॉलरवरची वजावट बाजारभावाने घ्यायची असेल तर लायक मूल्यमापकाचा लेखी अहवाल लागतो, तोही दानाच्या तारखेच्या साठ दिवसांपेक्षा आधीचा चालत नाही. त्याची फी ठरावीक हवी, किमतीच्या टक्क्यांत नको. आमच्या मूल्यमापकाने जुलैच्या शेवटी दोन तास घालवले, टॉर्च घेऊन खाली सरपटला, गालिचा उचलला (मी दुसरीकडे पाहत होतो) आणि २३,५०० डॉलर लिहिले. त्या ठिगळाबद्दल अहवालात एकच ओळ आहे: ‘हौशी दुरुस्ती’.

दुसरा फॉर्म ८२८३. त्यावर मूल्यमापकाची आणि संस्थेची अशा दोघांच्या सह्या. त्यात संस्थेला विचारलेलं असतं की या वस्तूचा तुमच्या कामाशी संबंध नसलेला वापर करणार आहात का. हा प्रश्न महत्त्वाचा. गाडीची किंमत तुमच्या खर्चापेक्षा वाढलेली असेल आणि तिच्या वापराचा संस्थेच्या मूळ कामाशी संबंध नसेल, तर बाजारभाव विसरा, तुमच्या खर्चाइतकीच वजावट. माझ्याकडे तीस वर्षांतली बिलं होती ती मोजून, खरेदी धरून, अकरा-साडेअकरा हजार भरत होती. बाकीची बिलं मी बायकोला दिसू नयेत म्हणून त्या त्या वेळीच फाडली होती. पत्रा शिकवणाऱ्या संस्थेला गंजलेली गाडी, म्हणजे संबंध जुळला. पण त्यांनी तीन वर्षांच्या आत ती विकली तर १२५ दिवसांत त्यांना ते सरकारला कळवावं लागतं, आणि मग माझ्याकडे पुन्हा विचारणा होऊ शकते. मास्तर म्हणाले, आमच्या पोरांच्या वेगाने तीन वर्षांत एक दरवाजा होईल.

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, मात्र आमचा आपला मराठी घोळ निघाला. १९९४च्या टायटलवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं तिन्ही छापलेलं. पुढे लायसन्स बदलताना कोणीतरी मधलं नाव उडवलं. संस्थेच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, हे दोघे एकच का? इथे आरटीओचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेट नावाच्या खात्याकडे असतं. त्यांच्या शाखेत जाऊन, पासपोर्ट दाखवून, वडिलांना दुसऱ्यांदा कागदावर बसवलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, मधलं नाव तुमचं की दुसऱ्याचं? म्हटलं, दोन्ही.

दानाची तारीख मी मुद्दाम सप्टेंबरात घेतली. गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट होती. मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, पण मग ती एरवी संमेलनं, प्रदर्शनं, मिरवणुका एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. फक्त ऑगस्ट महिना मोकळा. आणि ऑगस्टातला तिसरा शनिवार म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ. साठच्या दशकात पोरं ज्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावायची, त्याच रस्त्यावर आता तीच पोरं आजोबा होऊन, जुन्या गाड्या घेऊन ताशी पाच मैलांनी जातात. १९९५ साली हे सुरू झालं ते फर्नडेलच्या मुलांच्या सॉकर मैदानासाठी चार पैसे जमवायला. १७ तारखेला आम्ही दोघं फर्नडेलपासून निघालो. रॉयल ओकपर्यंत जाईतो काटा लाल रेषेला टेकला, आणि इंजिनची उष्णता आत ओढून ते थंड राहावं म्हणून मी हीटर पूर्ण सोडला. बाहेर तीस अंश, आत त्याहून किती वर कोण जाणे. बायकोने पदर सोडून वारा घेतला, थर्मासमधलं ताक मला दिलं आणि म्हणाली, “ही आठवण पुरेल मला.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लॅटबेड आला. मी नंबरप्लेट काढून घेतली. मिशिगनमध्ये प्लेट मालकाकडेच राहते, आणि ती काढायला विसरलात तर पुढच्या भानगडीही तुमच्याकडेच राहतात. टायटलच्या मागे सही केली, त्याचा फोटो काढून ठेवला, किल्ल्या दिल्या. विमा मात्र गाडी पोचल्याचा फोन आल्यावरच बंद केला. निघताना बायकोने खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान खरोखरच डॅशबोर्डवर ठेवलं. मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण हात जोडलेले होते.

तीन आठवड्यांत १०९८-सी आला. ५ए या चौकोनात खूण: मोठी दुरुस्ती किंवा प्रत्यक्ष वापर होईपर्यंत गाडी विकणार नाही. मी विजयी मुद्रेने तो आमच्या मंडळातल्या एका सीएकडे नेला. माझ्या मुलीच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो. त्याने कागद पाहिले, कॅल्क्युलेटर काढला.

“काका, घराचं कर्ज फिटलंय ना तुमचं?”

“फिटलंय.”

“तिथेच गोची आहे.”

गोची अशी. २०२४ साली पासष्टीपुढच्या नवराबायकोला काहीही दान न करता ३२,३०० डॉलरची सरसकट वजावट मिळायची. दान, कर, घरकर्जाचं व्याज असं एकेक मोजून त्याहून जास्त भरलं तरच फायदा, आणि व्याज आमचं शून्य. आमची गाडी २३,५००. राज्याचा आणि घराचा कर कितीही भरला तरी त्याला तेव्हा १०,००० ची मर्यादा होती. देऊळ, मंडळ वगैरे मिळून १,५००. एकूण ३५,०००. म्हणजे सरसकटपेक्षा जास्त किती? २,७००. आमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्याने त्यावर वाचलेला कर ५९४ डॉलर. मूल्यमापकाची फी ३७५, आणि ती वजावटीत धरता येत नाही. हुकाच्या ट्रकवाल्याला दिलेले वीस वजा.

“१९९ डॉलर राहिले, काका. पण फाइल फार सुंदर लावलीत.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “पावती मागून दान केलं की असंच व्हायचं,” म्हणाली, आणि मग जरा थांबून, “१९९ म्हणजे किती रुपये?”

मे महिन्यात मास्तरांनी गाडी बघायला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. मस्टँग ओळखू आली नाही. चारचाकी लोखंडी घोडीवर नुसता सांगाडा, दरवाजे भिंतीला टेकवलेले, इंजिन कोपऱ्यात स्टँडवर, काचेखालची जाळी कापून काढलेली आणि आत इतकी वर्षं कुजत पडलेला मेपलच्या पानांचा काला बाहेर. हिरवा रंग घासून गेला होता. एक मुलगी हेल्मेट घालून, ड्रायव्हरच्या बाजूच्या फरशीला नवा पत्रा जोडत होती. तिचा टाका मी पाहिला. सरळ, बारीक, एकसारखा, मासळीच्या खवल्यांसारखा.

भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर वेल्डिंगचे नमुने खिळ्यांना टांगलेले. डावीकडे बरोबर, उजवीकडे चूक. उजवीकडे सगळ्यात वर हातभर लांबीचं एक ठिगळ होतं, गोळे-गोळे झालेलं, मधे भोकं, एका कडेला हिरवा रंग. खाली खडूने लिहिलं होतं, ‘असं करू नये’.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी बुटांकडे पाहिलं.

त्या मुलीने हातमोजे काढत विचारलं, “हे कोणी केलं असेल?”

“हौशी माणूस असणार,” मी म्हटलं.

निघताना मी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, तो तुकडा मला नेता येईल का. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही देता येणार. गाडीबरोबर आलाय ना तो.”